साधारण काका

आमच्या सोसायटीत एकदा नवीन कुरिअरवाला आला. पहिल्या मजल्यावरची बेल वाजवली, पाकिटावरचं नाव वाचलं आणि दारातल्या काकांना विचारलं, "हे तुम्हीच का?" काकांनी चष्मा कपाळावर ढकलला, नाव नीट वाचलं आणि म्हणाले, "साधारण मीच." तो बिचारा पाकीट घेऊन परत निघाला. मी समोरच्या दारात होते, मला पळत जाऊन त्याला जिन्यातून परत आणावं लागलं. "अहो दादा, शंभर टक्के हेच आहेत, फक्त बोलतात असे."

बोलतात असे म्हणजे कसे, तर कुठल्याही प्रश्नाचं उत्तर 'साधारण'नेच सुरू. किती वाजले? साधारण साडेदहा. भाजीत मीठ बरोबर आहे ना? साधारण बरोबर आहे. मग आमचं सगळं इंदिरानगर त्यांना साधारण काका म्हणायला लागलं. त्यांचं खरं नाव मला पाचवीत गेल्यावर कळलं, तेही खालच्या पत्रपेटीवर वाचून. माझी कॉलेजची मैत्रीण पहिल्यांदा घरी आली तेव्हा म्हणाली, "असं काय गं तोंडावर साधारण म्हणता, वाईट वाटत असेल ना त्यांना." तिला वाटलं साधारण म्हणजे बेताचे, यथातथा. काकांनी ते ऐकलं आणि इतके खूश झाले की तिला आत बोलावून चहाच दिला. म्हणाले, "दोन्ही अर्थांनी चालतं बाळा. साधारण दोन्ही खरे आहेत."

ही सवय लागली अंबडला. काका तिथल्या एका कारखान्यात पॅकिंग आणि डिस्पॅचला होते. ट्रक फाटकात उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, एका थरात इतकी खोकी, असे इतके थर, तर सगळा माल एका गाडीत मावेल की दुसरी मागवायची, हे त्यांना उभ्या उभ्या सांगावं लागायचं. "कागदावर गुणाकार होईपर्यंत ड्रायव्हर जेवायला निघून जायचा," ते सांगायचे. "मग मी सत्त्याऐंशी खोक्यांची नव्वद करायचो आणि हात वर करायचो. ये, मावतंय. मला आकडा नको होता गं, फक्त मावतंय की नाही एवढंच हवं होतं."

आता माझ्याकडे येते. चौथीत मला गुणाकार अजिबात जमत नव्हता. म्हणजे पाढे पाठ होते, पण दोन आकडी गुणिले दोन आकडी आलं की खालच्या ओळीत शून्याच्या जागी जी फुली मारायची असते ती मी हमखास विसरायचे. एका रविवारी जिन्यात बसून गृहपाठ करत होते, एकोणतीस गुणिले एक्केचाळीस. उत्तर काढलं एकशे पंचेचाळीस आणि त्याला छान चौकट पण आखली. काका खालून भाजीची पिशवी घेऊन येत होते. पिशवी खाली ठेवली, वहीत बघितलं.

"सायली, तुमच्या वर्गात मुलं किती?"

"एकोणतीस."

"म्हणजे साधारण तीस. प्रत्येकाला साधारण चाळीस बोरं वाटली. किती बोरं लागली?"

मी बोटांवर मोजायला लागले. ते म्हणाले, "बोटं ठेव बाजूला. तीन चोक?"

"बारा."

"दोघांची दोन शून्यं मागे चिकटव."

"बाराशे."

"आणि तुझ्या वहीत फक्त एकशे पंचेचाळीस आहेत. मग बाकीची बोरं कोणी खाल्ली?"

मी इतकी हसले की खोडरबर जिन्यावरून खाली गेलं. मग फुली सापडली, उत्तर अकराशे एकोणनव्वद आलं, आणि ते बाराशेच्या इतकं जवळ होतं की मला जादूच वाटली. तेव्हापासून आमच्या घरात कुठलाही हिशेब गंडला की 'बोरं कोणी खाल्ली' हेच विचारतात. मी आता नोकरी करते, परवा मीटिंगमध्ये एका स्लाइडवरचा आकडा बघून माझ्या तोंडून तेच निघालं. बॉसने विचारलं, कसली बोरं? त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

पण जवळचा दहा कुठला, वरचा की खालचा, यात माझा गोंधळ व्हायचा. काकांनी त्यासाठी जिनाच वापरला. आमच्या जिन्याच्या पहिल्या टप्प्याला बरोबर दहा पायऱ्या आहेत. खालची फरशी म्हणजे शून्य. मला तिसऱ्या पायरीवर उभं करायचे आणि म्हणायचे, "घर जवळ कुठलं? खालचं. मग उतर." आठवीवर उभं केलं की वर पळायचं. पाचवीवर उभं केलं तेव्हा मी अडकले, कारण दोन्हीकडे सारखंच. काका म्हणाले, "पाचवीवरच्याने वर जायचं."

"का पण?"

"खाली काय, कोणीही येतं."

शाळेत नंतर बाईंनी हा नियम नीट शिकवला, पण का ते असं कोणी सांगितलं नाही.

हां, आणि काकू. काकूंशिवाय काका अर्धेच कळतात. काकूंना 'साधारण' या शब्दाचीच चीड. त्यांच्या डब्यातल्या लाडवांची संख्या त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता यायची. त्यामुळे त्या घरात रोज एक जुगलबंदी चालायची. काका बाहेरच्या खोलीत कोणाला तरी सांगत असायचे, "बारा डबे, एकेकात अठरा वड्या, म्हणजे दहा विसे दोनशे, साधारण दोनशे वड्या." की लगेच स्वयंपाकघरातून आवाज, "अहो, दोनशे सोळा." आणि काका मागे वळूनही न बघता म्हणायचे, "तेच ते." रोज. त्या 'तेच ते'वर काकू एवढ्या जोरात भांडं आपटायच्या की आमच्या घरात ऐकू यायचं. माझी आई म्हणायची, हा यांचा संसार आहे, एक फेकतो आणि एक झेलते.

सोसायटीच्या मिसळ पार्टीचा किस्सा तर सांगायलाच पाहिजे. दरवर्षी सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की पार्किंगमध्ये मिसळ असते. एका वर्षी काका-काकू काकूंच्या माहेरी देवळाली कॅम्पला गेले होते, आणि पावांचा अंदाज कमिटीने काढला. अडतीस घरं, घरटी चार माणसं, माणशी तीन पाव. आता आपल्याकडे कोणाला काही कमी पडलं तर नाक कापलं जातं, म्हणून सेक्रेटरी म्हणाले चाळीस घरं धरू. खजिनदार म्हणाले पाहुणे येतात, घरटी पाच धरू. आणि कमिटीतल्या एक काकू म्हणाल्या, तीन काय, पोरं चार चार खातात. झाले आठशे पाव. पार्टी झाली, मिसळ संपली, आणि पाव तसेच. पुढचे तीन दिवस अख्ख्या सोसायटीत पावाचा उपमा, पावाचे वडे, पावाचा शिरा. आमच्या चौकातल्या गाईसुद्धा शेवटी तोंड फिरवून गेल्या.

काका परत आले, ऐकलं आणि जिन्यातच कमिटीला शिकवणी सुरू केली. "अहो, एकाला वर ढकललं ना, मग दुसऱ्याला जरा खाली ओढायचं. सगळेच वर गेले तर खाली तोल सांभाळायला कोण?"

पुढच्या वर्षी अंदाज काकांकडे. चाळीस घरं धरली, माणसं चारच ठेवली, एकशे साठ. घरं वर ढकलली आहेत म्हणून एकशे साठला दीडशेवर ओढलं. दीडशे त्रिक साडेचारशे. "साधारण साडेचारशे पाव," काकांनी जाहीर केलं.

"चारशे छप्पन्न," काकू म्हणाल्या.

"तेच ते."

पाव आले साडेचारशे, आणि सगळ्यांना अगदी व्यवस्थित पुरले. शेवटी मी प्लेटा गोळा करताना बघितलं, काका-काकू कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून चमच्याने नुसतीच मिसळ खात होते. मी विचारलं, "पाव नाही घेतले?" काकू म्हणाल्या, "यांच्या साधारणमध्ये माझे तीन गेले." काका शांतपणे रस्सा पीत म्हणाले, "आणि माझेही तीन. जो अंदाज काढतो त्याने शेवटी जेवायचं असतं." मला तेव्हा फार काही कळलं नव्हतं, पण आता मी टीमसाठी काहीही ऑर्डर केलं की शेवटीच घेते. सवयच लागली आहे.

काकू गेल्या त्याला आता बराच काळ झाला. त्यानंतर काका तसेच होते, हसायचे, जिन्यात गप्पा मारायचे, साधारणही तसंच चालू. एकच गोष्ट बदलली आणि ती माझ्या थोडी उशिरा लक्षात आली. आकडा सांगून झाला की ते जरासे थांबायचे. एकदा आमच्याकडे बसले होते, बाबांना सांगत होते, "त्या हॉलमध्ये तेवीस रांगा, रांगेला एकोणीस खुर्च्या, म्हणजे वीस विसे चारशे, एक खाली एक वर, साधारण चारशे माणसं बसतील." आणि थांबले. मान किंचित स्वयंपाकघराकडे. आत माझी आई होती, तिला काय माहीत. मी मोबाइल काढला, भराभर टाइप केलं आणि मोठ्याने म्हटलं, "चारशे सदतीस."

काका माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आगाऊपणा झाला. मग म्हणाले, "तेच ते."

झालं, ती नोकरी मला लागली. जिन्यात, गॅलरीत, कुठेही त्यांनी साधारण म्हटलं की मी खरा आकडा ओरडायचा. ते मला कॅल्क्युलेटर म्हणायला लागले. "ए कॅल्क्युलेटर, आज उठायला उशीर का?"

आणि मग त्यांच्याकडून दूध उतू जायला लागलं. एकदा, दोनदा, मग एक पातेलं पूर्ण जळलं आणि धूर आमच्या घरात आला. एकदा गॅस बारीक चालू ठेवून ते खाली पारावर जाऊन बसले होते. माझ्या आईने घाबरून बडोद्याला नितीनदादाला, म्हणजे त्यांच्या मुलाला, फोन केला. दादा दुसऱ्याच दिवशी आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "बाबांना विसरायला होत असेल तर मी त्यांना इथे एकटं नाही ठेवणार. आधी डॉक्टरांना दाखवतो. ते म्हणाले तर घेऊन जातो." काका म्हणाले, "मी कुठेही जाणार नाही. माझं सगळं इथे आहे." आणि मला म्हणाले, "तू चल बरोबर."

डॉक्टर तरुण होते, हातात पेन, समोर प्रश्नांचा कागद. मी आणि दादा मागे खुर्चीत.

"काका, आज वार कोणता?"

"साधारण गुरुवार."

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. "तारीख?"

"साधारण वीस." त्या दिवशी एकोणीस होती. पेन पुन्हा चाललं.

"तुमचं वय?"

"साधारण सत्तर."

"शंभरातून सात गेले तर किती उरतात?"

"साधारण नव्वद."

दादाने कपाळाला हात लावला. मला समोर दिसत होतं की काका एकेक उत्तर देत बडोद्याच्या गाडीत बसत चालले आहेत. डॉक्टर म्हणाले, "मी मघाशी तीन शब्द सांगितले होते, आठवतात?"

"साधारण तीनच होते," काका म्हणाले. "आंबा, कुलूप, रेल्वे."

मला राहवलं नाही. "डॉक्टर, ते असेच बोलतात. लहानपणापासून."

"त्यांच्या लहानपणापासून?"

"माझ्या."

डॉक्टरांनी पहिल्यांदा वर बघितलं. मी म्हटलं, "त्यांना वजाबाकी नका विचारू, गुणाकार विचारा. मोठा विचारा." डॉक्टरांनी जरा विचार केला. "बरं काका, मी दिवसाला बत्तीस पेशंट बघतो. एकेकाला अठरा मिनिटं लागतात. सगळे मिळून किती वेळ?"

काका एकदम सरळ बसले. "बत्तीसचे तीस. अठराचे वीस. तीन दुणे सहा, दोन शून्यं, सहाशे मिनिटं. एक खाली ओढला, एक वर ढकलला, म्हणजे फार लांब नाही." मग भुवया वर गेल्या. "सहाशे मिनिटं म्हणजे साधारण दहा तास. डॉक्टर, तुम्ही जेवता कधी?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे घरी बायको रोज विचारते," ते म्हणाले.

मी मागून हळूच म्हटलं, "पाचशे शहात्तर."

"तेच ते," काका म्हणाले.

मग डॉक्टरांनी आणखी बरंच काही विचारलं, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, काकांनी काढलं, काटे बरोबर. शेवटी दादाला म्हणाले, डोकं चांगलं चालतंय, काळजी करण्यासारखं आज तरी काही दिसत नाही. आणि काकांकडे वळून म्हणाले, "फक्त एक करा. गॅस साधारण बंद करून चालत नाही. तो पूर्ण बंद करायचा." काका हसले, पण मान खाली घालून हसले.

मी तर हवेत होते. येताना रिक्षात दादाला म्हटलं, "बघितलंत, कुठे न्यायची गरज नाही." दादाही सुटल्यासारखा दिसला. म्हणाला, "ठीक आहे, राहू दे त्यांना," आणि दोन दिवसांनी बडोद्याला परत गेला. आई काकांच्या दुधाकडे लक्ष ठेवणार, मी येता-जाता बघणार, असं सगळं ठरलं. आम्ही जिंकलो होतो.

पुढच्या रविवारी मी खाली उतरत होते तर काका जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसलेले. मी शेजारी बसले.

"कॅल्क्युलेटर," ते म्हणाले, "मी बडोद्याला जातोय."

मी म्हटलं, "अहो काका, आपण पास झालोय. डॉक्टरांनी सांगितलं ना, तुमची आठवण एकदम बरोबर आहे."

"आठवण बरोबर आहे म्हणून तर." त्यांनी चष्मा काढून पुसला. "दूध ठेवतो ना, तर मला माहीत असतं की ठेवलंय. फक्त आतून आवाज येईल म्हणून बसून राहतो. 'अहो, उतरवा' असा."

मी म्हटलं, "मी ओरडत जाईन ना."

"तू ऑफिसला जाशील का दूध बघत बसशील? हे बघ, मी कितव्या पायरीवर बसलोय?"

"पहिल्या."

"एकावरच्याने कुठे जायचं असतं?"

मला उत्तर येत होतं. चौथीपासून येत होतं. एकाचं घर खाली. एकाचं शून्य.

"इथे घरात मी एक. कितीही नीट धरलं तरी शून्याकडेच ओढतो गं," ते म्हणाले, पण रडवेलं वगैरे अजिबात नाही, पावांचा अंदाज सांगावा तसं. "तिकडे नितीन, सूनबाई आणि दोन पोरं. चार. चार पण खालीच येतात. मी गेलो की पाच." त्यांनी कठड्याला धरून स्वतःला उठवलं आणि वर बघितलं. "आणि पाचवर?"

"वर जायचं," मी म्हटलं.

"मग? मी एकटा गेलो की पाचाचे दहा. इतका फायदा कंपनीतही कधी झाला नाही."

गेले ते. सामान किती नेलं विचाराल तर साधारण दोन बॅगा, कारण तिसरी ऐनवेळी आमच्याकडेच ठेवली, "येतोच आहे की परत" म्हणून. गाडीत बसताना मी विचारलं, "कधी येणार?" तर म्हणाले, "साधारण मिसळीला." सेक्रेटरी काका खिडकीपाशी येऊन म्हणाले, "पावांचा अंदाज फोनवर द्या हं." सगळे हसले, गाडी गेली, आणि मी वर येताना पाचव्या पायरीवर उगाचच थोडी थांबले.

मला वाटत होतं की माझी नोकरी आता फोनवर चालू राहील. राहिली पण काही दिवस. मग नवरात्रात काकांचा फोन आला, मागे गरब्याची गाणी, गोंगाट, त्यांना ओरडून बोलावं लागत होतं. "अगं, इथल्या बिल्डिंगमध्ये नाश्त्याचा अंदाज माझ्याकडे दिलाय. मला म्हणतात तरी काय माहिती आहे का, साधारण दादाजी."

"किती घरं?" मी विचारलं. अंगठा तयारच होता.

"एकोणतीस घरं, घरटी सहा ढोकळे. तीस सक एकशे ऐंशी. साधारण एकशे ऐंशी."

आणि ते थांबले, तसेच, जरासे. मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी तिकडून, गाण्यांच्याही वरून, एक बारीक, चिडका आवाज आला, त्यांच्या नातीचा.

"आजोबा, एकशे चौऱ्याहत्तर."

मी मोबाइलचा कॅल्क्युलेटर बंद केला.

"तेच ते," काका म्हणाले.